भिजवलेले हरभरे

अकोल्याच्या सराफ्यातला तो म्हातारा सोनार चांदीशी बोलायचा. जुना दागिना मुशीत टाकण्याआधी कपाळाला लावी आणि म्हणे, "चाल व माय, आता नवं रूप घे." गिऱ्हाइकानं घाई केली की मात्र फुंकणीच उगारी.

कापसाच्या तेजीची ती वर्षं. लोक बैलांच्या शिंगांनाही चांदीच्या शेंब्या चढवू लागले, मग मी तरी मागे का राहू? नांगरताना माझ्या शेतात चांदीचं एक जुनं नाणं सापडलं होतं. शेंब्यांच्या चांदीत तेही आटवा, असं मी त्याला सांगितलं.

त्यानं नाणं उलटंपालटं करून पाहिलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेलं डोकं होतं. दुसऱ्या बाजूला भाले रोखून दौडणारे दोन घोडेस्वार, दोघांच्या डोक्यांवर एकेक चांदणी.

"बापू, हे तं कोनाच्या घरचे वीर हायेत. लढाईत पडलेले दोघं भाऊ," तो म्हणाला. "देव्हाऱ्यातला टाक कोनी आटवते काय?"

तेवढी चांदी त्यानं पदरची घातली. नाणं दुकानातल्या देव्हाऱ्यात बसवलं, आणि रोज त्या घोड्यांपुढे भिजवलेले हरभरे ठेवू लागला.

पुढे एका गोऱ्या साहेबाकडून मला कळलं की असली नाणी रोमची असतात आणि ते स्वार तिकडचे जुळे देव आहेत. मी तडक दुकानात गेलो.

"मामा, हे आपले नाईच. समुद्रापलीकडून आले हायेत."

त्यानं फुंकणी खाली ठेवली.

"इतक्या दुरून? मंग तं घोडे लयच थकले असतीन," तो म्हणाला, आणि आणखी मूठभर हरभरे त्यांच्यापुढे ठेवले.