गुळगुळीत भिंत

"तडा नाही कसा म्हणता साहेब? आहे तो. मीच बुजवलाय."

"बुजवलात ना? मग नाही."

"वरून बुजवलाय. आत तसाच आहे, हात जाईल एवढा."

"मला भिंत दिसते. भिंतीच्या पोटातलं दिसत नाही," तपासनीस म्हणाला आणि कागदावर काहीतरी खरडू लागला.

गवंड्याच्या घरात हे चाललं होतं. आळीखाली जुनी खाण, पोखरून सोडून दिलेली. वरची जमीन खचत होती, घरं उलत होती. औषधाची गोळी हातातून पडली तर घरंगळत दरवेळी त्याच एका कोपऱ्यात जाऊन बसायची. कुठली घरं राहण्याजोगी उरली नाहीत ते ठरवायला हा तपासनीस आला होता. बोटभर रुंद तडा दिसला की दारावर लाल फुली. फुलीवाल्यांना लांब, टणक जमिनीवर नवं घर. बाकीच्यांनी आहे तिथंच राहायचं.

आणि या गवंड्याची खोड अशी की उललेली भिंत दिसली की हात शिवशिवायचा. बारा वर्षं तो घमेलं घेऊन हिंडला. तडा खरवडायचा, पाणी मारायचं, माल दाबून भरायचा आणि वरून थापी अशी फिरवायची की दुसऱ्या दिवशी घरधन्यालाही जागा सापडू नये. घरात तर जास्तच मन लावून. बायको अंगावरून वारं गेल्यानं खाटेला खिळलेली, तिच्या समोरची भिंत त्यानं काचेसारखी ठेवली होती. शेजारचा शिंपी आळशी. त्यानं तड्यात नुसत्या चिंध्या कोंबल्या होत्या. त्याच्या दारावर सकाळीच फुली पडली.

"अहो, फोडून दाखवा की," बायको खाटेवरून म्हणाली. "मला काय पळता येणारंय?"

त्यानं छिन्नी-हातोडा उचलला. चार घावांत गिलाव्याची खपली सुटली आणि आतून कुजका, गार वास आला. त्यानं हात घातला, तो मनगटापर्यंत गेला.

तपासनीसानं वाकून बघितलं. माणूस वाईट नव्हता. नाकाला रुमालही लावला नाही त्यानं.

"हे तुम्ही माझ्यासमोर फोडलंत. फोडलेली भिंत धरता येत नाही. जिथं जातो तिथं लोक पहार घेऊनच बसलेले असतात."

"पण वास येतोय ना?"

"येतोय. वासाला रकाना नाही."

"मग परत कधी येणार?"

"हा शेवटचा फेरा, काका."

गवंड्यानं हात लावलेली नऊ घरं होती आळीत. एकावरही फुली पडली नाही.

महिन्याभरात फुलीवाले सामान बांधून गेले. शिंपी निघताना म्हणाला, "उस्ताद, तुमच्या हाताला तोड नाही." टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. पण तो मनापासून बोलला.

भिंतीतलं भोक गवंड्यानं तसंच ठेवलं. कुणी बघायला आलंच तर असावं म्हणून. दोनदा अर्ज दिला. कुणी आलं नाही. त्या वासानं बायकोचं डोकं दुखायचं थांबेना, तेव्हा एका सकाळी त्यानं माल कालवून ते बुजवलं. ती खाटेवरून बघत होती.

हात धुतोय तोवर चुलतभावाची बायको दारात. त्या नऊ घरांतलं एक तिचं. फुली हुकल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"भावजी, चुलीमागची भिंत परत उललीय."

"तुम्हीच म्हणालात ना वहिनी, परत उंबऱ्यात पाय ठेवू नका म्हणून?"

"म्हणाले. आता आतून वास यायला लागलाय, काय करू? तोंड बांधून स्वयंपाक करू?"

त्यानं ओले हात पुसले.

"माल उरलाय का?" तिनं विचारलं.

"आहे अर्धं घमेलं."

"मग चला. आणि नीट बुजवा."

त्यानं माल पाणी घालून सैल केला, घमेलं खांद्यावर घेतलं आणि तिच्या मागोमाग निघाला.