शिरडच्या रस्त्यानं जायचं नाही

ज्या वर्षी आमची दुभती म्हैस गेली, त्या वर्षी आमच्या ओसरीवर ज्वारीची पोती आली. कोणी आणून दिली असं झालं नाही. सकाळी दार उघडलं की भिंतीला टेकवून एखादं पोतं उभं असायचं. आमच्याकडं ही पद्धत आहे. एखाद्याच्या घरची चूल थंड व्हायला लागली की त्याच्या ओसरीवर दाणे ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचं. विचारपूस करायची नाही. घेणाऱ्यानंही उपकार मानत बसायचं नाही. दिवस फिरले की शिवणीवरून घर ओळखून पोतं धुऊन परत करायचं, तेही तळाला ओंजळभर दाणे ठेवून. पोतं परत गेलं म्हणजे हे घर उभं राहिलं, असं सगळे समजतात.

मायनं ती पोती धुऊन, घडी घालून उतरंडीमागं ठेवली. बरीच वर्षं ती तिथंच होती. सणासुदीला घर सारवताना माय ती काढायची, झटकायची आणि पुन्हा ठेवायची. तेव्हा दादा घरात असले तर उठून बाहेर जायचे.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. आमचा जमिनीचा तुकडा कोरडवाहू, त्यावर घर चालत नव्हतं. चालायचं ते दुधावर. आमच्या म्हशीचं आणि गावातल्या आणखी चार घरांचं दूध घेऊन दादा सायकलवर शिरड शहापूरला रतीब घालायचे. काळी, बावीस इंची सायकल. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंग करून घेतलेले लोखंडी आकडे, त्यांना किटल्या अडकवलेल्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा मडगार्डात असा बसायचा की चाक फिरायचं नाही. शेवटी दादांनी मडगार्डच काढून टाकले. तरीही पुष्कळदा दादा सायकलवर असण्याऐवजी सायकलच त्यांच्या खांद्यावर असायची.

उन्हाळा त्याहून वाईट. किटल्यांना ओलं बारदान गुंडाळायचं आणि ते वाळायच्या आत शिरड गाठायचं. बारदान वाळलं की दूध नासलं. रस्त्याच्या कडेला चिंचेची, लिंबाची मोठमोठी झाडं होती. दादा त्यांतल्या एकाही झाडाखाली कधी थांबले नाहीत. आणि एवढं दूध दारातून जाऊनही आम्ही भावंडं कोरा चहा पिऊन शाळेत गेलो.

मी बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं आणि हिंगोलीला शाळेवर लागलो. कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिला. हे मी लपवत नाही, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मी लागलो तेव्हा दादांनी दोन कामं केली. उतरंडीमागचं शेवटचं पोतं शिरडच्या मोठीमायला परत केलं. ही म्हातारी त्यांच्या रतिबाच्या घरची, सगळं गाव तिला मोठीमाय म्हणायचं. आणि सायकल गोठ्यातल्या आढ्याला दोरीनं टांगली.

"आता ह्या घरातलं माणूस सायकलवर दिसणार न्हाई," ते म्हणाले. तोवर त्यांचा उजवा गुडघा उठताबसता वाजायला लागला होता.

पुढं मी मोटारसायकल घेतली. एकदा वाशीमहून येताना कनेरगाव नाक्याला एका ढाब्यावर थांबलो, तर दोघंजण बाजेवर आडवे झालेले. शेजारी त्यांच्या सायकली, सायकलींना पिशव्या बांधलेल्या. कुठून कुठं निघालात, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, असंच, फिरायला. रात्र होईल तिथं झोपतो. घरी आलो तरी ते दोघं माझ्या डोक्यातून जाईनात. सायकलवर माणूस विनाकारण जातो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दादांकडं सायकल मागितली.

"काहून पाहिजे?"

"फिरायला."

"गाडीला काय झालं?"

"काही न्हाई. गाडी हाय."

"मंग?"

आतून माय म्हणाली, "अहो, पोट किती सुटलंय त्याचं. चालवू द्या जरा."

"पोट उतरवायचं असलं तं वावरात ये म्हनाव निंदायला. दोन पाळ्यांत उतरतंय."

पण संध्याकाळी त्यांनी स्वतःच दोरी सोडली. चेनला तेल दिलं, ब्रेक दाबून पाहिले. हँडल माझ्या हातात देताना म्हणाले, "ने. पण गावात आणायची न्हाई. अन् शिरडच्या रस्त्यानं जायचं न्हाई. त्या रस्त्याला मला माणसं ओळखतात."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काही लागत नव्हतं, बाकी सगळा जिल्हा मोकळाच होता.

मी नवं काही घेतलं नाही. खताच्या रिकाम्या गोण्यांच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या आणि त्या दुधाच्याच आकड्यांना अडकवल्या. जुन्या ट्यूब कापून बांधायला पट्टे केले. शेतातली ताडपत्री, मायनं शिवलेली वाकळ, एक पातेलं, तांदूळ, डाळ, मीठ-मिरची. डोक्याला ओली दस्ती गुंडाळायची. पाण्याच्या बाटल्यांवर जुने मोजे चढवून ते भिजवायचे, म्हणजे पाणी गार राहतं. ही युक्ती माझीच, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. मग एकदा पुसेगावकडं जाताना मोजे वाळले म्हणून हापशावर थांबून पुन्हा भिजवत होतो, तेव्हा दादांचं बारदान आठवलं. त्यांना थांबता येत नव्हतं. मी तर तिथंच लिंबाखाली ताडपत्री टाकून झोपलो. झोप लागली, पण चांगली लागली नाही.

आमच्याकडच्या उन्हात सायकलवर फिरायचं म्हणजे तांबडं फुटायच्या आधी निघायचं आणि दहा वाजले की सावली धरायची. शाळेचा व्हरांडा, मारुतीचा पार, काहीही चालतं. ऊन कललं की पुन्हा निघायचं. यात गंमत फार आहे, खोटं कशाला बोलू? उतारावर पाय सोडले की माझ्यातला मास्तर कुठल्या कुठं जातो. पण थांबलं की माणसं येतात. पुसेगावच्या अलीकडं एका तांड्यावर म्हातारा जवळ येऊन पिशव्यांकडं बघत म्हणाला, "काय इकून राहिला, भाऊ? भांडे का?"

"काही न्हाई बाबा. फिरून राहिलो."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "बायकोसंगं भांडण झालं का?"

मी हसलो. तो हसला नाही. आत जाऊन भाकरी आणि ठेचा घेऊन आला. "रुसून आला असशील तरी जेवून घे. पोटावर राग काढू नये."

मी जेवलो. घरी ही गोष्ट सांगून बायकोला हसवलंही. पण दर महिन्याला पगार घेणारा माणूस मी, आणि कशासाठी जेवलो? मी त्यांना गरीब दिसलो म्हणून. गरिबी आमच्या घरातून गेली, तर मी तिचा पोशाख घालून फिरायला लागलो होतो.

मग तो एप्रिल आला. मी वसमतकडून परत येत होतो. शिरड टाळून लांबच्या फाट्यानं जायचं ठरलं होतं. पण सकाळीच वारा तापलेला, पाणी संपलेलं, डोक्याच्या शिरा उडायला लागल्या. फाट्यावर उभा राहिलो. उन्हात माणूस दिलेला शब्द विसरत नाही, फक्त त्याला तो शब्द हलका वाटायला लागतो. तोंडाला दस्ती बांधली, कोण ओळखतंय, असं म्हणालो आणि सरळ निघालो.

शिरडात शिरलो आणि लिंबाखालून हाक आली, "ए दूधवाल्या!"

मी थांबलो. दारातल्या लिंबाखाली मोठीमाय बसली होती. तिनं तोंड नाही, सायकल ओळखली होती. त्या आकड्यांची सायकल तालुक्यात दुसरी नसेल.

"अगं माय, तू तं त्याचं लेकरू! दांडीवर बसून यायचा तू. ये, ये, पोळला किती."

तिनं गुळाचं पाणी दिलं. मी पीत असताना ती सायकलभोवती फिरली. खताच्या गोणीला हात लावला, वाकळीचं टोक चिमटीत धरलं, काळं झालेलं पातेलं पाहिलं.

"नोकरी हाय ना, बापा?"

"हाय ना, मोठीमाय. हे हौस म्हणून फिरतो मी."

"व्हय, व्हय. हौस," ती म्हणाली. मूल पडून उठतं आणि लागलं नाही म्हणतं, तेव्हा आपण म्हणतो तसं.

पुढं तिनं एक शब्द विचारला नाही. मला वाढलं, ओसरीवर झोपायला सांगितलं, निघताना पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या. फार खोदून विचारलं नाही म्हणून मला बरंच वाटलं. मी शिकलेला, त्या मातीतला, पोत्यांच्या घरातला, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आमच्याकडं माणूस विचारायचं थांबतो ते त्याला सगळं समजलं म्हणून.

पुढच्या रविवारी मोटारसायकलवर गावी गेलो. ओसरीवर, भिंतीला टेकवून, ज्वारीचं पोतं उभं होतं. तोंडाला निळ्या सुतळीची शिवण. मोठीमायच्या घरची शिवण. दादा त्याच्यासमोर बसले होते.

"शिरडच्या रस्त्यानं गेला व्हता?"

"गेलो व्हतो. दादा, ऊन एवढं व्हतं की—"

"ऊन," दादा म्हणाले. "बराबर. ऊन तं असतंय त्या रस्त्याला."

एवढंच. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मायनं मागच्या दारी सांगितलं. शिरडचा जीपवाला पोतं ठेवून गेला होता, बोलू नको म्हणून त्याला बजावलेलं होतं. पण स्टँडवरच्या हॉटेलात तो बोललाच. मास्तरची नोकरी गेली, सायकलवर काहीबाही विकून राहिला, हे गावभर झालं होतं. त्या दिवसापासून दादा हॉटेलात चहाला गेले नव्हते. ज्या पोत्याच्या परत जाण्यानं त्यांची मान वर झाली होती, तेच माझ्या हौसेनं परत त्यांच्या दारात आलं होतं.

"मी देऊन येतो परत. सांगतो तिला सगळं," मी म्हणालो.

"भरलं पोतं परत देतो? तिच्या तोंडावर मारतो का?"

"मंग ठेवून घेऊ?"

"खोट्यानं आलेलं खायचं?"

"मी सायकल आणून टांगतो, दादा. पुन्हा न्हाई चालवत."

"टांगून काय व्हते? पोतं तं आलंच."

मी गाडीला किक मारली. परत हिंगोलीला आलो. वर्गात शिकवताना फळ्यापुढं उभा असलो तरी मला ते पोतं दिसायचं. दादांनी जन्मभर काय वाहिलं ते मला ठाऊक होतं, आणि ज्याचा त्यांना त्रास झाला तेच मी मजेचं केलं होतं. एवढं करून त्या मजेची बदनामी मात्र त्यांच्या नावावर लागली होती.

नंतरच्या शनिवारी दादांचा फोन आला. "उद्या सायकल घेऊन ये. गावात घेऊन ये."

मी पहाटे निघून ऊन चढायच्या आत पोचलो. ओसरीवरची जागा रिकामी होती. मायनं ती ज्वारी दळून आणली होती, भाकरी थापल्या होत्या, पोतं धुऊन वाळवलं होतं. दादा धुतलेलं धोतर, टोपी घालून तयार. त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली, भाकरीचं गाठोडं आणि घडी घातलेलं पोतं कॅरिअरला बांधलं.

"मी कशावर येऊ?"

त्यांनी शेजारच्या घराकडं बोट केलं. तिथल्या पोरीची शाळेची सायकल दारात होती. गुलाबी. पुढं जाळीची टोपली.

स्टँड टाळून जायला दुसरा रस्ताही होता. दादा मुद्दाम हॉटेलापुढूनच निघाले. बाकड्यावरची मंडळी चहाचे ग्लास हातात धरून बघत राहिली.

"मास्तर, टोपली मस्त हाय! कोथिंबीर घेऊन या येताना!"

"दादा, तुमी सायकलवर? कुठं निघाले?"

दादांनी ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकवला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फिरायला."

"फिरायला? काहून?"

"हौस," दादा म्हणाले. "माझ्या पोराला हाय. नोकरी असलेल्या माणसाला असते हौस."

शिरडच्या अलीकडं मोठी चिंच आहे. तिथं दादा उतरले. मला वाटलं, गुडघा.

"दुखून राहिला का?"

"न्हाई. बसायचं हाय."

ते मुळीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. धोतराच्या सोग्यानं घाम पुसला. "इथं वारा असतो म्हन की," ते म्हणाले. मी टोपलीवाल्या सायकलचं स्टँड उगाचच लावत, काढत राहिलो. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

मोठीमायनं आम्हाला पाहिलं, गुलाबी सायकल पाहिली आणि तोंडाला पदर लावला. दादांनी सगळं सांगितलं. तिला खरं वाटायला वेळ लागला.

"म्हंजे नोकरी हाय?"

"हाय."

"अन् तरी हा उन्हात, खताच्या गोण्या घेऊन, मजा म्हणून?"

"व्हय."

"अन् आता तू बी?" तिनं कपाळावर हात मारला. "दोघंबी येडे. आत या, भाकरी वाळतील."

तिच्याच ज्वारीच्या भाकरी आम्ही तिच्याच ओसरीवर बसून खाल्ल्या. जेवण झाल्यावर तिनं पोत्यात हात घालून तळ चाचपला, ओंजळभर दाणे आहेत का पाहिलं आणि पोतं आत नेलं.

मी अजूनही फिरतो. दुधाच्या आकड्यांना पिशव्या अडकवताना अजूनही हात थोडा थांबतो, आणि तो थांबू नये असं मला वाटत नाही. पोतं परत गेलं. दादा पुन्हा हॉटेलात चहाला जातात. आमची सायकल आता टांगलेली नाही, ओसरीला उभी असते, आणि मी शिरडच्या रस्त्यानं जातो.