माग बंद पडले तेव्हा
स्पिरिटचा वास आला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आमचे हे कबनूरला यंत्रमागावर कामाला होते. छातीचा आजार निघाला, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली आणि गावातला कंपाउंडर ती रोज स्पिरिट चोळून टोचायचा. खोकला उतरला, पण ह्यांचे कान वाजायला लागले, उठलं की भिंत धरावी लागायची. एसटीनं पुन्हा कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “काम काय करता?” “मागावर हाय.” “मग कान वाजणारच. इंजेक्शन चुकवू नका.” मी म्हटलं, “सायेब, मिसरूड फुटायच्या आधीपास्नं माग चालवत्यात, कान आत्ता ह्या इंजेक्शनापास्नं वाजाय लागलेत की.” “डॉक्टर तुम्ही की मी?” ह्यांनीच माझा दंड धरून मला बाहेर काढलं. “गप की, मोठी माणसं हायती ती.” मला ह्यांचाही राग आला. इंजेक्शनं चालूच राहिली. मग एका दुपारी लाइट गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. इतकं शांत झालं की शेजारच्या घरातलं भाकरी थापणं ऐकू यायला लागलं. हे उंबऱ्यावर बसले होते. मी काहीतरी विचारलं, तर माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, “मोठ्यानं बोल की, माग चालू हायती.” छाती बरी झाली, कान गेले ते गेलेच. परवा मला रक्तदाबाची गोळी लिहून देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काही त्रास झाला तर सांगा हं आजी.” मी म्हटलं, “सांगीन की. ऐकणार हाय का कोण?”