झेंडूचं गाणं आणि दोन शिफ्टांचं नाटक

नाटक बसवायला घेतलं की नाटक सोडून बाकी सगळं घडतं, आणि लोकांच्या लक्षात तेच राहतं! आमच्या शिरूरच्या नाट्यमंडळानं नवंकोरं संगीत नाटक करायचं ठरवलं, तेव्हापासून माझ्याकडे असले किस्से साचलेत. नाटक कारेगावच्या कामगार जोडप्याचं. नवरा पहिल्या शिफ्टला, बायको दुसरीला. भेट काय ती दारात. हिरो मी. कारण मंडळात डोक्यावर केस शिल्लक असलेला मी एकटाच!

*

पैसा लावणार होते निमोण्याचे आप्पा, फुलशेतीतले मोठे बागायतदार. वाचन ऐकून डोळे पुसत म्हणाले, "लई भारी! पण नवं कशाला? जुनं गाजलेलं घ्या, आन् त्यालाच नवं म्हना!"

आम्ही नव्यावरच अडून बसलो. मग त्यांनीच तोडगा काढला. "बरं, नवं करा. पण त्यात झेंडूचं गाणं पायजे."

आमचे संगीतकार सलीममामा. दिवसा शिलाई मशीन, संध्याकाळी पेटी. ते म्हणाले, "आप्पा, नवरा बायकोला झेंडूचा गजरा देनार व्हय?"

"मग तोरण करा! भेटत्यात दारातच न्हवं?"

वैताग असा, की अख्ख्या नाटकात तेच गाणं सगळ्यात चांगलं झालं. आप्पा तेव्हापासून स्वतःला कवी समजतात.

*

तालमी आप्पांच्या मेव्हण्याच्या मंगल कार्यालयात. लग्न असलं की आमची रवानगी भटारखान्यात. एकदा आम्ही कढयांच्या मधे तोरणाचं गाणं घोळवत होतो आणि बाहेर बँडवाले जेवत होते. पुढच्याच आठवड्यात कवठे येमाईच्या एका वरातीत तीच चाल!

मी तावातावानं सलीममामांकडे गेलो. मामा खूश! "आरं, प्रयोगाआधीच गाजली की!"

ही खुशी दौंडच्या ट्रायल शोपर्यंत टिकली. गाणं सुरू झालं आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, "ओ पेटीवाले, बँडची चाल चोरली का?"

*

आमची हिरोईन शीतल. खऱ्या आयुष्यातही कारेगावच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर. दौंडला तिनं आलाप घेतला रे घेतला की शेजारच्या रेल्वे स्टेशनातून इंजिनाचा भोंगा! मध्यंतरात ती रडकुंडीला आली. आप्पा म्हणाले, "पोरी, तू गा. भोंग्याला वन्स मोअर कोन देतंय?"

*

मग शिरूरचा पहिला प्रयोग. शीतलचा नवरा संतोष वेगळ्या कंपनीत, तिच्या उलट्या शिफ्टला. त्यानं एक तालीमसुद्धा पाहिली नव्हती.

शेवटच्या प्रवेशात बायको दोन कप चहा घेऊन दारात वाट बघते आणि मी येतो. मी विंगेत तयार. तेवढ्यात कामावरून थेट आलेला संतोष पुढं गर्दी बघून मागच्या दारानं घुसला आणि अंधारात चाचपडत निघाला तो थेट स्टेजवर! अंगात युनिफॉर्म, खांद्याला डब्याची पिशवी, हुबेहूब माझाच वेश. टाळ्याच टाळ्या!

शीतलनं एकदा विंगेत माझ्याकडे बघितलं. मग माझ्यासाठीचं वाक्य तिनं त्याला म्हटलं, "आलात? बसा, चहा गार होतोय."

तो मुकाट बसला. कप तोंडाला लावला, मग आत डोकावला. "शीतल, ह्यात चहाच न्हाई की!"

हॉल खदखदून हसला. मी विंगेतून "पडदा, पडदा!" करतोय, आणि सलीममामा पेटीवर हात ठेवून नुसते बघतायत.

शीतल त्याच्यासमोर टेकली. म्हणाली, "नसू दे. बसा की जरा."