व्हिएन्नाच्या नगरसेवकावरचं चार पानी पत्रक

आमच्या भाडेकरूंच्या गटात पत्रक लिहायची रीत ठरलेली: आधी इतिहास, मग मागणी. त्यामुळे कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, आमच्या भागातली आपली भाड्याची घरं एका हाउसिंग कंपनीच्या घशात घालायला निघाली आणि त्यावर भाडेकरूंचं मतदान ठरलं, तेव्हा मी सुरुवात केली ती थेट व्हिएन्नापासून.

पहिल्या महायुद्धानंतर तिथे एक नगरसेवक होता. बँकेतली मोठी नोकरी सोडून शहराची तिजोरी सांभाळायला आलेला. शॅम्पेन, मोटारी, घरातले नोकरचाकर, श्रीमंतांच्या चैनीवर त्याने कर बसवले आणि कामगारांसाठी घरं बांधली. पुढे हुकूमशाही आली, त्याला देश सोडावा लागला, परदेशातच मेला. मी पार भारावून गेले होते. चार पानांतली साडेतीन त्याचीच. उरलेल्या अर्ध्यात: ‘नाही’ म्हणा, आणि कंपनीचं काहीही दारात पडलं तर न उघडता फेका.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंसाठी मी त्या इंग्रजी पत्रकाचं मराठीही केलं. इंग्रजी त्यांना माझ्याहून चांगलं येई, पण मला हौस. काकू निवृत्त नर्स, एकट्या. हॉस्पिटल, भाजीवाला, पंचवीस वर्षं सोबत असलेली शेजारीण, सगळं हाकेच्या अंतरावर. कौल कंपनीच्या बाजूने गेला तर त्यांचीच इमारत आधी पाडणार होते.

मतदानाच्या शेवटच्या दिवशी मी वर गेले.

“काकू, मत दिलंत ना?”

“कुठे? शाळेत मतदान कधी आहे ते तू सांगणार होतीस. गुडघ्यामुळे टॅक्सी बोलवावी लागेल.”

“अहो, पोस्टाने होतं. पाकीट आलं असेल.”

“पाकिटं ढीगभर आली, सगळी कंपनीचीच वाटली. फेका म्हणून तूच लिहिलंस ना? एकही उघडलं नाही. तुझा तो व्हिएन्नावाला मात्र दोनदा वाचला. भला माणूस गं.”

मी मतदानाच्या हेल्पलाइनला फोन केला. दुसरी मतपत्रिका मागायची मुदत संपली होती. खाली तीन दारं ठोठावली. दोन ठिकाणी हेच उत्तर.

आम्ही हरलो. मीटिंगमध्ये आमचे सेक्रेटरी म्हणाले, “पत्रकातलं विश्लेषण अचूक होतं.” कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही, आणि त्याची चीड अजून जात नाही.

काकूंना गावाबाहेर घर मिळालं, हॉस्पिटलला दोन बस बदलून. सामान हलवायला मी गेले होते. व्हॅनमध्ये बसताना त्यांनी विचारलं, “तिकडे दारात काही पडलं तर उघडू, की तू कळवशील?”

टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

“उघडा,” मी म्हटलं.