तेल लावलेलं खापर

माझी ताई तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत चुनखडक तपासते. सुट्टीत अहमदपूरला आली की एस.टी.तून निवृत्त झालेले पप्पा तिला विचारायचे, "तू तिथं नेमकं काय करायलीस?"

एकदा तिनं फुटलेल्या माठाची दोन खापरं घेतली. एक कोरडं ठेवलं, दुसरं करडईच्या तेलात भिजवलं, आणि दोन्ही बोअरच्या गळक्या नळाखाली मांडली. आमचं पाणी इतकं जड, की बादलीवरही पांढरा थर चढतो. "खोल खडकातली छिद्रं अशाच क्षारानं बुजतात," ती म्हणाली. "पण तेल आधी शिरलं तर ती मोकळी राहतात. बघा तुम्ही." आणि नोकरीवर निघून गेली.

कोरडं खापर लवकरच पांढरं झालं. तेलाचं जसंच्या तसं. पप्पा आल्यागेल्याला दाखवायचे. मग एका सकाळी त्याच्यावरही पांढरं दिसलं. पप्पांनी जड मनानं फोन केला, "तुझ्या तेलाच्या खापरावरबी क्षार चढलाय, बाई."

मला वाटलं, ती हिरमुसेल. ती म्हणाली, "छिद्राच्या भिंतीला पाणी धरून असेल, तर तेल असूनही चढतो. आमच्याकडं याच्यावरच वाद चालू आहे. कोणत्या कडेनं सुरू झालाय, पप्पा?"

पप्पा चष्मा लावून नळापाशी उकिडवे बसले. त्या टपटपीनं माझं डोकं उठतं. पण त्या दिवसापासून नळ दुरुस्त करायला ते कुणाला हात लावू देत नाहीत.