नालासकट होकायंत्र

काटेमिस्त्री कुठल्याही डायलला आधी टिचकी मारत आणि म्हणत, "बोल, खरं बोल." आमच्या मानवतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरचा दाब बघणं हे त्यांचं काम, पण टिचकीला हद्द नव्हती. डॉक्टर त्यांचा रक्तदाब मोजत होते, तेव्हाही दंडाला पट्टा बांधलेला असताना मोकळ्या हातानं त्यांनी टिचकी मारलीच. डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं. रक्तदाब किती होता, ते कुणालाच कळलं नाही.

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर जिनिंगच्या मालकांना विमानाची हुक्की आली. लष्कराच्या लिलावातलं, दोन सीटांचं, कापडी पंखांचं. त्यातले डायल इतके म्हातारे, की जमिनीवर उभं असतानाही विमान दोनशे फूट उंचावर असल्याचं सांगत. मालकांनी मुंबईहून नवी यंत्रं मागवली: उंचीचं, वेगाचं आणि होकायंत्र. बसवायला मेकॅनिकही तिथूनच आणणार होते, पण मिस्त्री अडून बसले. "मी बसवतो. चुकलं तर आणा मुंबईवाला, मी पुन्हा विमानाला हात लावणार न्हाई."

होकायंत्रासाठी त्यांनी माळावर चुन्यानं आठ दिशा आखल्या. शेपटी धरून विमान एकेका दिशेला फिरवलं आणि काटा कुठं किती चुकतो, ते कार्डावर लिहून समोर डकवलं. मग पूजा झाली. नारळ विमानाच्या पुढच्या पंख्यावर फोडायला निघालेल्या मालकांना मिस्त्रींनी दगड दाखवला.

दुसऱ्या दिवशी मालक आणि मिस्त्री हैदराबादला उडाले; विमान मालकच चालवत होते. मी त्या दिवशी सरकी विकायला सोनपेठच्या बाजारात होतो. गंगाखेडवरून जायचं विमान आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागलं आणि शेवटी पडीक रानात उतरलं. अख्खा बाजार तिकडं धावला, मीही धावलो.

"मिस्त्री, हे हैदराबाद हाय का?" मालक विचारत होते.

"सोनपेठ हाय, मालक. पर काटा खोटं बोलत न्हाई. त्याला कुणीतरी फितवलंय."

मिस्त्री डायलच्या फळीमागं शिरले आणि म्हणाले, "हितं घोड्याचा नाल हाय. काळ्या दोऱ्यानं बांधलाय." पूजेनंतर मालकीणबाई दृष्ट काढायला आत वाकल्या होत्या, हे मालकांना आठवलं. एवढं लोखंड शेजारी आल्यावर काटा बिचारा काय करणार?

"काढू का?" मिस्त्रींनी विचारलं.

"काढलास आन् तिनं बघितलं तर?" लढाईतलं जुनं विमान उडवणारा माणूस घाम पुसत म्हणाला.

"मंग ऱ्हाऊ द्या."

पानवाल्याचा चुना आला, काठीच्या सावलीवरून आठ दिशा ठरल्या. बाजाराला आलेल्या मेंढपाळांनी शेपटी उचलून विमान गोल फिरवलं आणि मिस्त्रींनी नालासकट नवं कार्ड लिहिलं. संध्याकाळच्या आत दोघं हैदराबादेत होते.

परत आल्यावर मालकीणबाई चारचौघांत म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचं यंत्र चुकलं. माझ्या नालामुळं मालक जिवंत दिसायलेत. आता मुंबईचा माणूस आणा." मालक आभाळात काहीतरी शोधू लागले.

मिस्त्रींनी एकदा मालकांकडं पाहिलं. "व्हय, बाईसाहेब," ते म्हणाले.

आठ दिवसांनी मुंबईचा मेकॅनिक आला. मिस्त्रींनी त्याला एकेक डायल समजावला, नाल का काढायचा नाही तेही सांगितलं. मेकॅनिक हसला. "तुमच्याकडे असलं चालतं?"

"चालतं काय, उडतं," मिस्त्री म्हणाले, आणि पाने-पक्कड त्याच्या हातात देऊन बॉयलरकडे निघून गेले.